चिंचेने घासलेलं झाकण

लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मेसमध्ये चिंच भिजत घातली की त्या आंबट वासाने मी दवनीवाड्याच्या आमच्या अंगणात जातो. मी तेव्हा दहावीत होतो. नागपूरचे एक म्हातारे मेकॅनिक युद्धाच्या काळातलं एक विमान दुरुस्त करत होते आणि सुटे भाग शोधत गावोगाव फिरत होते. आमच्या धानाच्या कोठीवरचं ॲल्युमिनियमचं झाकण पाहून ते थबकले. आजोबांनी ते जुन्या धावपट्टीवरच्या भंगारातून आणलेलं.

"यावरचा नंबर पुसट आहे," मेकॅनिक म्हणाले. "उद्या भिंग आणतो, मग कळेल त्याच विमानाचं आहे का."

पाहुण्याला कळकट वस्तू कशी द्यायची, म्हणून आई आणि मी झाकण चिंचेने, राखेने लखलखीत केलं. शाईचा एक डाग जाता जात नव्हता. तो मीच रगडून काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. "बाई, नंबरच गेला!"

मी खाली पाहिलं. आई म्हणाली, "मीच घासलं जी. नंबर गेला, झाकण त हाये ना!"

ते हसले आणि झाकण घेऊन गेले. तेव्हा मला आईचं बोलणं अडाणीपणाचं वाटलं. तिने माझी चूक स्वतःवर घेतली होती, हे आत्ता कळतं.

काल त्या मेकॅनिक काकांचा फोन आला. झाकण चपखल बसलं, आणि विमान उडालं.