शनिवारचे पापड

शिंगणापुरात आमच्या घराला दार नाही. चौकट आहे, पडदा आहे आणि कुत्रं आत येऊ नये म्हणून आडवी टेकवलेली एक फळी आहे. चोर येत नाहीत, त्यांना शनिदेवाची भीती. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांना मात्र कुणाचीच भीती नसते, हे मला छातीतली गाठ निघाल्यावर कळलं.

गाठ लहान होती, लवकर सापडली होती. ऑपरेशन झालं आणि मग नगरला दर तीन आठवड्यांनी केमोचा डोस सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, "आजी, थकवा येईल." मी मनातल्या मनात हसले. बाळंतपणानंतर तेराव्या दिवशी घास कापायला गेलेली बाई मी, मला हे थकवा सांगतात. ती तेराव्या दिवसाची गोष्ट मी चाळीस वर्षं दिसेल त्याला ऐकवत आले. आज ती बाई समोर आली तर तिच्या हातातला विळा काढून घेईन आणि म्हणेन, "जा, पड जरा. बक्षीस कुणी ठेवलेलं न्हाई."

पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी माझी विहिरीवरची मोटर झाली. एकाच फेजवर वीज आली की मोटर कशी नुसती गुणगुणते, पाणी काही उचलत नाही, तसं. डोकं चालू, हात जागचे हलेनात. वेणीफणीचा प्रश्न केसांनीच सोडवला होता. आंघोळ स्टुलावर बसून, आणि ती झाली की कपडे घालण्याआधी पुन्हा दम खात बसायचं. नर्सबाईंनी सांगितलं होतं, दिवसाला एकच काम ठरवा, तेही सकाळी, आणि मग आडवं व्हा. मी एक काम ठरवलं होतं. ते म्हणजे चहा.

माझ्या घरातून चहा न घेता कुणी गेलेलं नाही, हा माझा दुसरा मोठेपणा. आणि आमच्या नणंदबाईंना तो तोंडपाठ. त्या बेलापूरच्या. दर शनिवारी दर्शनाला जीपभर बाया घेऊन येणार आणि "आलोच हाओत तर वैनीला बघून जाऊ" म्हणून फळी बाजूला सारणार. मी उठायची, स्टोव्ह पेटवायची, कट्ट्याला धरून उभी राहायची. त्या पलंगावर बसून मला कुणाकुणाला हाच आजार झाला होता आणि कोण कसं गेलं ते सांगायच्या. निघताना ठरलेलं वाक्य, "पडून ऱ्हाऊ नगं वैनी. हिंडलं-फिरलं का बरं वाटतं."

दुसऱ्या डोसनंतरच्या शनिवारी त्यांच्यातल्या एकीला चांगलंच पडसं होतं. मंगळवारी मला ताप भरला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी तळाला. पाच दिवस दवाखान्यात गेले आणि तिसरा डोस पुढे ढकलला. डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेऊन सांगितलं ते मला पडद्याआडून ऐकू आलं. असं पुन्हा झालं तर उपचाराचा उपयोग कमी होतो, भेटायला येणारे बंद करा.

बंद कशाने करणार? दारच नाही. मुलगा म्हणाला, मी आत्याला फोन करतो. मी म्हटलं, नको. फोनने त्या रुसल्या असत्या, आणि रुसणं म्हणजे शिक्षा नव्हे. मला शिक्षा करायची होती. पडल्या-पडल्या मी त्या शिक्षेवर इतका विचार केला की चार दिवस उलटीची आठवण झाली नाही.

तोड काढली माझ्या धाकट्या जावेने. ती शेजारच्याच घरात राहते, जेवणाचा डबा आणायची. तिने माझं सगळं गाऱ्हाणं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "बाई, या शनिवारी उडदाचं पीठ भिजवते."

मला कळायला एक क्षण लागला. आमच्याकडे पापडाचं पीठ कुटून लाट्या पडल्या की त्या वाट बघत नाहीत, वाळतात. म्हणून लाटण्याच्या वेळी जी बाई समोर येईल ती हात धुऊन पोळपाटाशी बसते, आणि एकदा बसली की लाट्या संपेपर्यंत उठत नाही. उठली तर गावभर वाईट नाव होतं. आणि बेलापूर शिंगणापूरपासून नाव पोचायला काही लांब नाही.

शनिवारी अंगणातल्या पत्र्याखाली सहा पोळपाट मांडले. मी आत, पडद्यामागे. जीप थांबली. नणंदबाई फळीपर्यंत आल्या तशी जाऊ आडवी आली.

"या वन्सं, देवच पावला. पाच किलोचं पीठ हाय अन् हात दोनच. साबनानं हात धुवा आधी, नखं बी बघा."

"अगं, वैनीला भेटून..."

"झोपल्यात. लाट्या वाळाय लागल्या."

पुढचं मी पडून ऐकलं. पोळपाटांचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आणि तासाभराने नणंदबाईंचं "अगं आई गं, पाठ". असा आवाज मी कुठल्या कीर्तनातही ऐकला नाही. ऐकता ऐकता मला झोप लागली, ती थेट ऊन उतरल्यावर मोडली.

त्या निघताना मी पडद्याच्या आतूनच विचारलं, "काय वन्सं, दमला का?"

"कंबर मोडली बाई. आता दोन दिस उठत न्हाई मी."

"पडून ऱ्हाऊ नका. हिंडलं-फिरलं का बरं वाटतं."

बाहेर पत्र्याखाली कुणीतरी फिसकन हसलं. नणंदबाई नव्हत्या एवढं नक्की.

पुढचे दोन शनिवार त्यांचं शनिदेवाचं दर्शन झालं, पण जीप आमच्या गल्लीत वळली नाही. तिसऱ्या डोसच्या सकाळी पेशी पुरेशा भरल्या. सुई लागली. सोबतीला जाऊ होती, आणि सलाईनच्या थेंबांकडे बघता बघता मला ते आठवलं, जे मी इतके दिवस आठवायचं टाळत होते.

जाऊ तेव्हा आमच्या घरात नवी सून होती. टायफॉइड झाला होता तिला. मी म्हटलं होतं, "सोंगं पुरे. बसून तर लाटायचंय." आणि पापडाला बसवलं. दुपारी ती लाटता लाटता पोळपाटावर पडली, कपाळाला पीठ लागलं, आणि मी हसले होते. मोठ्याने. तेराव्या दिवशी घास कापणारी बाई मी, मला दुसरं काय सुचणार.

मी तिला म्हटलं, "तुला पापडच बरे सुचले."

"इसरंल व्हय मी?"

"मग बदला माझ्यावर घ्यायचा. मी चुकले होते गं."

तिने डब्याचं झाकण पुसून लावलं. मग म्हणाली, "घेतेच हाय की. आता चारी डोस होईस्तवर तुमी मी म्हनंल तवा झोपायचं अन् मी म्हनंल तवा उठायचं. चहाचा स्टोव्ह मी माझ्या घरी नेऊन ठिवलाय."

"कधी?"

"सकाळीच. तुमी आंगुळीला स्टुलावर बसला हुता तवा."

मी काही बोलणार होते.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "बोलायला मी सांगितलं न्हाई अजून."