शीमामा आणि कोंबडगाडी

माझ्या मामाला कशाचीही शिसारी यायची. बसच्या दांडीची, दुसऱ्याच्या टॉवेलची, बेसिनच्या जाळीत अडकलेल्या केसाची, मांजर नुकतंच उठून गेलंय त्या खुर्चीची. कुणी प्रेमाने मिठी मारली तर घरी येऊन आधी शर्ट भिजत टाकायचा. “शी!” हा त्याचा हुकमी शब्द. आम्ही भाचरं त्याला शीमामा म्हणायला लागलो, मग मोठेही म्हणायला लागले, आणि शेवटी तोच फोन उचलून “हां, शीमामा बोलतोय” म्हणू लागला.

गंमत अशी की हा माणूस कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांच्या तोंडाचे ठसे हाताळायचा, त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायचा, दात बसवायचा आणि शेवटी कवळी चाकावर धरून अशी घासायचा की तीत आपला चेहरा दिसावा. “याची नाही वाटत घाण?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “यात कसली घाण? धुतलं की झालं. आणि ज्याला बिचाऱ्याला चावता येत नाही त्याची काय किळस करायची?”

मामी अगदी उलटी. ती रोपवाटिकेत कामाला होती. नखांत कायम माती, चपलांना चिखल, आणि त्याचं तिला काहीच नाही. मामा तिच्या चपला काडीने उचलून बाहेर ठेवायचा. ती हसायची.

मामीच्या वडिलांचा डोंगरावर कोंबड्यांचा धंदा होता. वरून खाली कोंबड्या पोचवायला त्यांच्याकडे एक जुनी फोर-व्हील पिकअप होती. पुढे तिघांना बसायला एकच लांब सीट, मागे उघडा हौदा. मामी गाडी शिकली ती त्याच पिकअपवर, दगडगोट्यांच्या वाटेवर. वडील गेल्यावर पिंजरे, शेड, सगळं विकलं गेलं. गाडी तेवढी उभी राहिली. मामीचा भाऊ म्हणाला, “भंगारात घालू.” त्याचं फरशांचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट भंगारात घालायची त्याला भारी घाई.

“गाडी मी नेणार,” मामी म्हणाली.

दोरी बांधून ओढत गाडी दारात आणली, त्या दिवशी मी तिथेच होते. वास आधी आला, गाडी मागून. हौद्यात कोंबड्यांची शीट सिमेंटसारखी घट्ट बसलेली. सीटचा स्पंज फाटलेला, त्यातून काळं पाणी ठिबकत होतं. बरोबर आलेल्या फिटरने बॅटरी जोडून सहज पंखा चालू करून पाहिला तर जाळीतून भुरूभुरू पिसं उडाली आणि त्याच्या मिशीला चिकटली. बोनेट उघडलं, तर हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं. पिल्लांसकट. पिल्लं मेलेली.

मामा फाटकाशी नाकाला रुमाल लावून उभा होता. “ही घाण माझ्या दारात उभी राहणार नाही.”

“मग तुम्ही नका राहू दारात उभे. आत जा,” मामी म्हणाली.

तो गेला आत. खिडकीतून बघत राहिला. मामीने बादली घेतली, फडकं घेतलं आणि हौदा पुसायला लागली. थोड्या वेळाने खिडकी उघडली. “असं पुसतात का? हे पुसणं नव्हे, हे सारवणं झालं!” मामीने लक्ष दिलं नाही. मग मामा बाहेर आला, कोपरापर्यंत हातमोजे आणि तोंडाला दुहेरी फडकं बांधून. किळस येणाऱ्या माणसाला घाण दिसली की पळून जाता येतं. पण अर्धवट पुसलेली घाण दिसली की त्याला झोप लागत नाही. मामा तसा अडकला.

पुढचे कित्येक महिने तो त्या गाडीत शिरलेला असायचा. पत्रा खरवडला, गंज घासला, सीट नवी शिवली, हौद्याला रबराचा थर दिला. कवळ्यांच्या चाकावर त्याने गाडीचे खटके, कड्या, खिडकीची हँडलं घासून काढली. गिअरची मूठ फुटली होती, तर त्याने हिरड्या करायच्या गुलाबी मसाल्याची नवी मूठ ओतली. हातात धरली की कुणाचा तरी जबडा धरल्यासारखं वाटायचं. मला अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. मामाला मात्र ती फार सुंदर वाटायची.

मग तो गाडी वाढवायला लागला. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच केली, कारण उंच झाली की रस्त्याची घाण तेवढी लांब. टायर मोठे घातले, कारण तेच. बोनेटच्या बाजूने हवा घ्यायचा उभा पाइप छतापर्यंत नेला, म्हणजे इंजिनाने वरची स्वच्छ हवा घ्यावी. पुढे लोखंडी बंपर आणि त्यात गाडी ओढून काढणारी तारेची विंच बसवली, म्हणजे गाडी चिखलात रुतली तर खाली उतरून ढकलायला नको. फिटर म्हणाला, “शीमामा, लोक चिखलात जायला हे सगळं करतात.” मामा म्हणाला, “मी चिखलापासून लांब राहायला करतोय.”

आणि खरंच, ती गाडी कुठे गेलीच नाही. कोपऱ्यावरच्या पंपावर जायची आणि परत येऊन धुतली जायची. मामीने एकदा म्हटलं, “बाबांच्या वाटेवर एकदा घेऊन जाते.” मामा म्हणाला, “टायर नवे आहेत.” ती बसायची तेव्हा तिच्या पायाखाली प्लॅस्टिक अंथरायचा. हळूहळू तिने बसणंच सोडलं. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, “माझ्या बाबांची गाडी मागितली होती गं मी. यांनी कपाटात ठेवायची कवळी केली तिची.”

आता हे सगळं पाहून मामीच्या भावाच्या पोटात दुखायला लागलं. भंगारात घालायची म्हणणारा तोच. त्याचा एक गट होता, चिखलबहाद्दर नावाचा. सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट, सगळ्यांच्या उंच उंच गाड्या. दर रविवारी डोंगरात जायचं, गाड्या चिखलात घालायच्या आणि व्हिडिओ काढायचे. तो घरी आला आणि म्हणाला, “भावोजी, एवढी गाडी केलीत आणि दाराशी बांधून ठेवलीत? या रविवारी चला.”

“शी,” मामा म्हणाला.

“मी जाणार,” मामी आतून म्हणाली. “तुम्ही आलात तर बरंच. नाही तर मी चालवत नेते.”

म्हणून आम्ही गेलो. मामा स्टिअरिंगवर, मामी खिडकीशी, आणि मी मधे, दोन्ही गुडघ्यांच्या बेचक्यात तो गुलाबी गिअर घेऊन. वाट मामीच्या ओळखीची होती; बाबांची हीच वाट. मामा इतक्या हळू चालवत होता की मागचे सगळे भोंगे वाजवत पुढे निघून गेले.

वर पोचलो तर एक ओढा, आणि त्यापाशी उतरायला दोन मोठ्या खडकांच्या मधून एकच वाट. चिखलबहाद्दर आधीच सुरू झाले होते. एकेक गाडी ओढ्यात घालायची, मधे थांबवून चाकं गरगर फिरवायची, चिखल उडवायचा, पलीकडे जायचं, वळून परत यायचं. पाणी पिठल्यासारखं दाट झालं होतं आणि त्यावर तेलाचे रंगीबेरंगी डाग पसरत होते. मग जेवणाची सुट्टी. काठावर हाडं, कागदी बश्या, ओल्या कागदांचे बोळे, फुटलेल्या बाटल्या. एकाने पायाखालच्या मॅट आणून ओढ्यात खंगाळल्या. मामीचा भाऊ पाण्यात उभा राहून, कॅमेऱ्याकडे हात हलवत लघवी करत होता. सगळे टाळ्या पिटत होते. मामाने काचा पूर्ण वर केल्या. आत घुसमटायला होत होतं, पण मीही काच खाली करा म्हटलं नाही.

तेवढ्यात त्याला एक बाई दिसली. थोडं खाली, एका दगडावर, दोन रिकामे कॅन शेजारी ठेवून बसलेली. मामाने काच बोटभर खाली केली.

“बाई, इथे कशाला बसलात?”

“निवळायची वाट बघतेय.”

“हे पाणी... पिता तुम्ही?”

“नाही, बघायला नेते घरी.” तिने मामाकडे नीट पाहिलं. “पितो, त्यातच शिजवतो, पोरांना अंघोळ घालतो. खाली वस्ती आहे आमची. गढूळ खाली बसतं हो. तेल बसत नाही, ते हाताने बाजूला सारायचं.” मग तिने आमच्या चकचकीत गाडीवरून नजर फिरवली. “तुमची पाळी कधी?”

मामाच्या घशातून एक आवाज आला. त्याने दार उघडलं, खाली वाकला आणि ओकला. आयुष्यभर शी-शी करत आलेल्या माणसाला मी खरोखर ओकताना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने तोंड पुसलं, आपली पाण्याची बाटली घेतली, ओढ्यापाशी गेला, बाटलीतलं स्वच्छ पाणी ओतून दिलं आणि ती त्या घाणीत बुडवून भरली. मनगटापर्यंत हात चिखलात. तशीच घेऊन तो मेहुण्यापुढे उभा राहिला.

“पी.”

“काय?”

“खाली लोक हे पितात. तू एक घोट पी.”

“अहो भावोजी, वाहतं पाणी आहे. आपोआप साफ होतं. निसर्ग असतो तो.”

“मग पी ना. निसर्गच आहे.”

सगळे हसायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. मेहुण्याने हसत हसत बाटली उडवली. ती मामाच्या छातीवर आपटली आणि पांढऱ्या शर्टावरून तो सगळा काळपट ओघळ पोटापर्यंत आला. “चला रे, दुसरा राउंड!” मेहुणा ओरडला.

मामा परत आला आणि मामीच्या खिडकीशी उभा राहिला. “तू चालव.”

“कुठे?”

“त्या दोन खडकांच्या मधे. आडवी लाव. एकही गाडी पाण्यात जाता कामा नये.”

मामीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मला ओलांडून स्टिअरिंगवर बसली. “पायांनी चिखल होईल आत.”

“होऊ दे.”

“आणि हब लावावे लागतील. नाही तर इथे चाक धरणार नाही.”

या जुन्या गाडीत फोर-व्हील लावायचं तर कुणाला तरी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधले खटके हाताने फिरवावे लागतात. नव्या गाड्यांत आत बसून बटण दाबलं की होतं. मामा चाकापाशी गेला. तिथे नडगीपर्यंत राडा होता. कोण काय टाकून, काय करून गेलंय देव जाणे. त्याचा एक बूट आतच राहिला. तो गुडघ्यावर बसला, चाकाच्या मध्यातला लगदा बोटांनी उकरला आणि खटका फिरवला. मग दुसऱ्या बाजूला, मोजा ओढत. आत येऊन बसला तेव्हा त्याच्या अंगाला असा वास येत होता की मीच नाक धरलं.

मामीने लो गिअर टाकला. गाडी गुरगुरत, एकेक चाक टाकत गेली. पुढे-मागे करत तिने ती खडकांच्या मधे अशी आडवी घातली की दोन्ही टोकांना हातभर जागा उरली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. “बाबा असंच फिरवायचे,” ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा खुललेला पाहिला.

मग सुरू झालं. आधी भोंगे. मग शिव्या. मग बोनेटवर हात. मामीचा भाऊ काचेला नाक लावून ओरडत होता, “ताई, काय तमाशा आहे हा? माझी लाज काढतेस!”

“तुला आहे का?” मामी आतून म्हणाली. “बाबांनी कधी पिंजरा धुतला नाही या पाण्यात. खाली माणसं आहेत म्हणून. तू काय केलंस ते पाहिलं मी.”

एकाने काचेवर थुंकलं. थुंकी बरोबर मामाच्या नाकासमोरून खाली ओघळत गेली आणि तो ती शेवटपर्यंत बघत राहिला, जणू कुणाच्या तोंडाचा ठसा बघतोय. दुसऱ्याने उरलेलं जेवण छतावर ओतलं. कुणीतरी बाजूचा आरसा लाथेने तोडला. एकाने दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला. मामाचा लाडका बंपर वाकला, पण चारही चाकांनी जमीन सोडली नाही. शेवटी त्यांना कंटाळा आला. कंटाळलेच नुसते, लाजलं कुणी नाही. एकेक करून निघून गेले. घाण तिथेच ठेवून.

पाणी निवळायला लागलं तशी ती बाई उठली. मामाला वाटलं असावं, काही बोलेल. तिने कॅन भरले, आणि जाताना म्हणाली, “आज बसलात. पुढच्या रविवारी कोण बसणार?”

पुढच्या रविवारच्या आत मामा तक्रार द्यायला परिवहन खात्याच्या ऑफिसात गेला. साहेबाने ऐकून घेतलं, कान कोरला, कोरलेलं बोट टेबलाला पुसलं आणि खिडकीतून खाली पाहिलं. “ती बाहेरची गाडी तुमची का? उंची वाढवलेली? टायर मोठे? हे कुणाच्या परवानगीने?” मामा गेला होता ओढ्यासाठी आणि आला दंड घेऊन. गाडी होती तशी करा, नाही तर जप्त करू. चिखलबहाद्दरांच्या गाड्यांना कुणी बोट लावलं नाही. साहेबाच्या बाथरूमला फरशी मामीच्या भावाच्या दुकानातूनच गेली होती, हे फिटरने नंतर सांगितलं.

मामाने उंच पाटे काढले, मोठे टायर काढले, पाइप काढला, वाकलेला बंपर काढला. त्या कामात एकदाही शी म्हणाला नाही. फक्त त्या टेबलाची आठवण निघाली की हात धुऊन यायचा. गाडी पुन्हा बुटकी झाली आणि मामी ती रोज रोपवाटिकेत नेऊ लागली. हौद्यात शेणखत, कुंड्या, माती. मामा दारात उभा राहून बघायचा, ‘शी’ गिळायचा आणि आत जायचा. मेहुण्याशी बोलणं बंद पडलं ते पडलंच.

थंडी पडल्यावर आम्ही तिघं एकदा त्या वाटेने वर गेलो. ओढ्याच्या बऱ्याच अलीकडे वाट अडवलेली होती. वस्तीतल्या लोकांनी मोठाले धोंडे लोटून आडवे घातले होते आणि अलीकडे खोल चर खणला होता. ती बाई तिथेच होती, आणखी चौघांबरोबर, हातात पहार. मामाने काच खाली केली.

“मी तो... त्या दिवशी गाडी आडवी लावली होती ना...”

“ओळखलं,” ती म्हणाली. “गाडी इथून पुढे जाणार नाही. कुणाचीच.”

“आम्ही पाण्यात नाही जाणार हो,” मी म्हटलं.

“सगळे असंच म्हणतात.” तिने पहार चरात टेकवली.

मला राग आला. मामाला नाही आला. तो चर किती खोल आहे ते मान बाहेर काढून बघत राहिला, आणि म्हणाला, “बरोबर आहे. चल, मागे घे.”

वळवायला जागा नव्हती. मामी मान मागे करून रिव्हर्समध्ये निघाली, आणि मामा दाराला लोंबकळून, एक हात मातीने भरलेल्या हौद्यावर ठेवून, खालपर्यंत तिला सांगत राहिला: “डावीकडे घे. अजून थोडं. बास. आता सरळ.”