मोठेबाबांची बाज

अकोला-अमरावती रस्त्यावर ज्याला अपघात करून घ्यायचा असेल त्याने आमच्या मोठेबाबांच्या जीपची वेळ साधावी, असं त्या काळी अकोल्यात लोक उघड म्हणत, आणि त्यात मला फारशी अतिशयोक्ती वाटत नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सरकी-ढेपेची अडत, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. आज अमरावती, उद्या अकोट, परवा अंजनगाव. पण त्यांचा खरा धंदा वाटेत पडलेली माणसं उचलण्याचा आहे, आणि सरकी-ढेप हा त्यासाठी घराबाहेर पडायचा बहाणा आहे, अशी मोठीआईची, म्हणजे त्यांच्या बायकोची, ठाम समजूत होती. दुसरे लोक अपघात दिसला की गाडीचा वेग वाढवतात, कारण थांबलं की पोलीस आले, पंचनामा आला, साक्ष आली. मोठेबाबांच्या जीपचा वेग मुळात वाढतच नसे. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती जीप, चढावर बैलगाडीसुद्धा तिला मागे टाकी. तिच्या ताडपत्रीवर बारा महिने एक बाज उलटी बांधलेली असायची, चारही पाय निम्म्यात कापलेली आणि सुंभाने घट्ट विणलेली. जखमी माणसाला बाजेवर घालायचं, बाज मागच्या बाकांवर सरकवायची आणि दवाखाना गाठायचा, असा बेत. बाज बांधलेली जीप येताना दिसली की खेड्यापाड्यांतले लोक मयत समजून हात जोडत. मोठेबाबाही उलट हात जोडत. आपल्याला या रस्त्यावर केवढा मान आहे, असं ते घरी येऊन सांगत, आणि त्यांचा हा गैरसमज कोणी कधी दूर केला नाही.

अपघाताच्या जागी त्यांचे कायदे ठरलेले होते. आपल्या लोकांचा स्वभाव असा, की माणूस पडला की आधी भोवती रिंगण धरायचं आणि चूक कोणाची यावर तोंड सोडायचं. मोठेबाबा ते रिंगण फोडून आत शिरत आणि ओरडत, "चूक कोनाची थे मंग पाहू, पयले उचला!" मग प्रत्येकाला काम. "तुमी, पिवळा पटका, पाय धरा. तुमी पानी आना. तुमी नुसते उभे काहून? सावली करा." सर्वांत जास्त बोलणारा कोण आहे ते त्यांना बरोबर कळे आणि त्यालाच ते सर्वांत जड बाजू उचलायला लावत, उचलताना माणसाला बोलता येत नाही. बाजेवर निजलेल्या माणसानेही बोलायचं नाही, हा आणखी एक कायदा. आणि जखमेपाशी ओणवे झाले की ते मागे न बघता उजवा हात मागे पसरत. त्या हातात कापड पडलं पाहिजे. कोणाचं, केवढ्याचं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. अकोल्याच्या एका वकिलाचा जरीचा फेटा असाच गेला. वकील नंतर पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि मोठेबाबांना आपण काय केलं ते आठवतही नव्हतं.

घरात याचा सगळा भार मोठीआईवर. शेजारणी जुन्या लुगड्यांवर नवी भांडी घेत. आमच्या घरात जुनं लुगडं म्हणून उरतच नसे, ते धुऊन, फाडून, गुंडाळून जीपमध्ये जाई. "तुमाच्या मानसायपायी माह्या घरात एक नवी परात आली नाई," असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता पुढचं लुगडं फाडायची. कोर्टात तर मोठेबाबा साक्षीदार म्हणून इतक्यांदा उभे राहिले, की पट्टेवाला त्यांना पुकारण्याऐवजी "या मालक" म्हणायचा. एकदा उलटतपासणीत एका वकिलाने खोचून विचारलं, की प्रत्येक अपघाताच्या वेळी नेमके तुम्हीच तिथे कसे असता? मोठेबाबा म्हणाले, "साहेब, मी तं रोजच जाऊन राहिलो. पडनारे बदलतात."

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. एकदा निंबाखाली एक गृहस्थ हातपाय पसरून पडलेला दिसला. हाक मारली, हलवलं, पण हूं नाही की चूं नाही. मोठेबाबांनी गडी-माणसं जमवून त्याला बाजेवर घातलं आणि जीप हाकली. मूर्तिजापूर दिसायला लागल्यावर गृहस्थ उठून बसला आणि बोंबलायला लागला. तो सासुरवाडीहून पुरणपोळी खाऊन निघाला होता आणि सुखाने झोपला होता. दुसरा कोणी असता तर त्याने क्षमा मागून तिथेच उतरवलं असतं. मोठेबाबांनी जीप वळवली, त्याला परत त्याच निंबाखाली नेलं आणि त्याची चादर झटकून म्हणाले, "निजा आता."

माझं लग्न ठरलं ते अंजनगाव सुर्जीच्या मुलीशी. तिच्या घरचा कारभार तिच्या आत्याच्या हाती होता आणि आत्याबाई सोवळ्याओवळ्याच्या आणि मुहूर्ताच्या भारी कडक. गोरज मुहूर्त धरला होता. मुहूर्त टळला तर नवरदेव वेशीवरूनच परत जाईल, असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. आमच्याकडे नवरदेवाला लागलेली हळद वाटीत काढून नवरीकडे नेतात, तिला उष्टी हळद म्हणतात. ती पोचली की मग नवरीला हळद लागते. तेव्हा त्या दिवशी सकाळी अकोल्यात मला हळद लागली, वऱ्हाड ट्रकमध्ये बसून पुढे गेलं, आणि मागून जीपमध्ये आम्ही तिघं: चाकावर मोठेबाबा, शेजारी उष्ट्या हळदीची वाटी दोन्ही हातांनी धरलेली मोठीआई, आणि मागे मुंडावळ्या बांधलेला, गळ्यात नवा शेला घातलेला मी. आज तरी जीप नवरदेवाला शोभेशी असावी म्हणून मोठीआईने तिच्यातलं चिंध्यांचं गाठोडं काढून टाकलं होतं. बाजही काढा म्हणून तिने हट्ट धरला, तेव्हा मोठेबाबांनी बाज न काढता तिला आंब्याची पानं आणि झेंडूच्या माळा बांधल्या. निघताना शेजारीण म्हणाली, "काय बापा, नवरदेवच आंदन घेऊन चालला काय?"

अकोट मागे पडलं आणि रस्त्यात रिंगण दिसलं. कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक बैलगाडीला घासून गेला होता, गाडी चारीत उलटली होती, ट्रकवाला पळाला होता आणि गाडीखालून ओढून काढलेला माणूस रस्त्याच्या कडेला रक्तात पडला होता. मोठीआईने नवऱ्याचा दंड धरला. "अवो, आज नाई. हळद लागेल पोरगं हाये गाडीत. आजच्या दिवस पुढं चला." मोठेबाबा म्हणाले, "थांबत नाई, फक्त पाहून येतो." आणि जीप बंद करून किल्ली खिशात घातली. तेव्हाच मी समजलो.

त्या दिवशी रिंगण नेहमीसारखं बोलत नव्हतं, गप्प उभं होतं. "कोन हाये थो?" मोठीआईने जीपमधूनच विचारलं. एकाने खालच्या आवाजात त्याच्या वस्तीचं नाव सांगितलं. ती वस्ती नुकतीच सगळीच्या सगळी बौद्ध झालेली होती. गावाने मात्र आपली जुनी नजर सोडली नव्हती. एवढी धडधाकट माणसं उभी असून त्याला हात का लावत नव्हती, ते आम्हाला कळलं. मोठेबाबांनाही कळलं. त्यांना इतकं संतापलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "मानूस हाये, जित्ता हाये, अजून काय पायजे?" असं ओरडून त्यांनी दोघांना मानगूट धरून पुढे ढकललं. मग खाली बसले आणि त्यांचा उजवा हात मागे पसरला. चिंध्या घरी. मी गळ्यातला शेला काढून त्या हातात ठेवला. डोक्याची जखम आवळून बांधली, पण मांडीची मोठी होती. हात परत मागे आला. "हळद दे."

"सुनेची हाये थे!" एव्हाना जीपमधून उतरलेली मोठीआई वाटी छातीशी धरून म्हणाली.

"सुनेले संध्याकायपर्यंत टाईम हाये. याले नाई."

मोठीआईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे, आणि वाटी पुढे केली. निम्मी हळद मांडीत गेली, वरून मोठेबाबांचं स्वतःचं धोतर फाडून बांधलं. बाजेवर घातल्यावर त्या माणसाने डोळे उघडले. भोवती झेंडूच्या माळा, शेजारी मुंडावळ्यांतला मी. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. "माहे बैल?" त्याने विचारलं. मोठेबाबांनी रिंगणातल्या एकाला नावगाव विचारून बैल त्याच्या स्वाधीन केले आणि बैलांना काही झालं तर मी परत येईन, असं बजावलं. "नवरदेव, तुमचं लगन हाये," तो जखमी माणूस मला म्हणाला. "मले सावलीत ठेवा अन् जा तुमी." मोठेबाबा म्हणाले, "बाजेवरच्या मानसानं बोलाचं नाई." आणि अंजनगावकडे तोंड केलेली जीप त्यांनी अकोटकडे वळवली.

अकोटच्या दवाखान्यात कंपाउंडरने आधी मलाच बाकावर बसवून माझे डोळे ताणून पाहिले. इतका पिवळा माणूस त्याने कावीळ झालेल्यांतही पाहिला नव्हता. डॉक्टरांनी जखमेतली हळद धुऊन काढता काढता मोठेबाबांना चांगलंच झाडलं. "हे काय भरलं? भाजी करायची होती का?" मोठेबाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मात्र बांधलं ते घट्ट बांधलं म्हणून माणूस हाती लागला, हेही डॉक्टरच म्हणाले. हे ऐकेपर्यंत मोठेबाबा तिथून हलले नाहीत. बाहेर ऊन कलत होतं आणि मोठीआई जीपमध्ये बसून सूर्याकडे बघत होती.

आम्ही अंजनगावला पोचलो तेव्हा गुरं घरी येऊन गोठ्यात बांधली गेली होती आणि मांडवात रडारड चालू होती. मुंडावळ्या बांधलेला, रक्ताने भरलेला माणूस बाजेपाशी पाहिल्याची बातमी आमच्याआधी पोचली होती, आणि नवरदेवालाच अपघात झाला असं सगळ्यांनी धरलं होतं. मला धडधाकट उतरताना पाहून आत्याबाईंनी देवाला हात जोडले आणि लगेच कमरेवर ठेवले. "हळद कुठं हाये?" मोठीआईला खोटं बोलता आलं असतं. सांडली म्हणाली असती तर कोणी हूं की चूं केलं नसतं. तिने पदराआडची निम्मी वाटी काढली, तिच्या काठाला रक्ताचं बोट लागलेलं होतं, आणि ती कोणाला लावली, तो कोण, कुठल्या वस्तीचा, सगळं आवाज न चोरता सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "फेका थे. बाटली हळद. अन् गोरज बी टळली. गाडी वळवा तुमची." मोठेबाबा फाटक्या धोतरात उभे होते. मला वाटलं, संपलं लग्न.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "आत्याबाई, थेच आना. त्या मानसाले चालली, मले काहून नाई चालनार?" त्याआधी मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. आत्याबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. त्यांच्या भाचीचा स्वभाव त्यांच्यावरच गेलेला होता, हे त्यांनाही ठाऊक असावं. भटजींनी पंचांगात पुढचा मुहूर्त काढला. ती निम्मी हळद लागली आणि आमचं लग्न झालं.

तो माणूस थोडा लंगडत चालायला लागला. पुढल्या हंगामात कापूस घेऊन अकोल्याला आला तेव्हा मोठेबाबांना भेटायला घरी आला. मांडवात सगळ्यांपुढे खरं बोललेल्या मोठीआईने त्याला चहा वेगळ्या कपात दिला. त्याने कपाकडे पाहिलं, "तहान नाई मले," म्हणाला आणि ओट्यावरून उठला. मोठेबाबा त्यानंतर आठवडाभर घरात जेवले नाहीत. पुढच्या हंगामात तो आला तेव्हा सगळे कप सारखे होते आणि मोठीआईनेही त्याच्यासमोर बसून चहा घेतला. त्याची विचारपूस करण्याआधी मोठेबाबा त्याच्या बैलांची चौकशी करत.

मोठेबाबा साध्या तापाने गेले, अंगणात, त्याच बाजेवर. आम्ही त्यांना दवाखान्यात न्यायला उचलू लागलो, तर म्हणाले, "मले काहून उचलून राहिले? मी तं घरीच हावो." जीप भंगारात गेली. बाज अजून आहे.

त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी आणि बायको एसटीने अकोल्याहून अमरावतीला निघालो होतो. बडनेऱ्याच्या अलीकडे रस्ताभर संत्री विखुरलेली होती आणि त्यांच्या पलीकडे, सायकल अंगावर घेऊन, एक माणूस पडला होता. भोवती रिंगण. बस हळू झाली, सगळे खिडकीशी उभे राहिले आणि चूक कोणाची यावर बसमध्ये दोन तट पडले. मी पिशव्या सांभाळत बसलो होतो. घंटी वाजली. पाहतो तर बायकोने दोरी ओढली होती आणि ती पायऱ्या उतरत होती. मी पिशव्या टाकून मागे धावलो. तोवर ती रिंगणात शिरली होती. "चूक कोनाची थे मंग पाहा, पयले उचला! तुमी भाऊ, सायकल काढा. तुमी सावली करा." मला एकदम मोठेबाबांची फार आठवण झाली. ती त्या माणसापाशी खाली बसली आणि मागे न बघता तिने उजवा हात मागे पसरला.

मी खांद्यावरचं उपरणं काढून त्या हातात दिलं.