नाताळच्या घाईतली खोटी खूण

मागच्या फेब्रुवारीत मी रोज गुडघे टेकून प्रार्थना करत होते आणि एकही प्रार्थना वर जात नव्हती. मुलीला नर्सिंगला बाहेरगावी पाठवावं की नाही, यात देवाची इच्छा काय ते मला कळायला हवं होतं. देव माझ्याशी बोलतच नाही, अशी तक्रार मी नवऱ्याकडे केली. तो म्हणाला, तुझ्या बोलण्यातून त्याला जागा मिळाली तर बोलेल ना. त्याचं हे नेहमीचंच. पण मला आतून पक्कं ठाऊक होतं की देव गप्प नाही, मीच कान झाकून बसले आहे.

आमचं गाव बुलढाण्यापासून बसने अर्ध्या तासावर आहे. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. जिजाकाकूंच्या शेडनेटमध्ये मी सहा वर्षांपासून टमाट्याच्या बियाण्याचं काम करते. आठ बायांची मुकादम आहे. संध्याकाळी मिटलेली कळी उघडून तिच्यातला नर भाग चिमट्याने काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लावायचा आणि फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कात्रीने छाटायच्या. ती छाटणी म्हणजे खूण. फळ पिकलं की खुणेचं तेवढं बियाण्याला घ्यायचं, बाकीचं फेकायचं. नर काढायचा राहिला तर फूल आपल्याच परागाने फळतं आणि तसलं बी थोडं जरी मिसळलं तरी तपासणीत सगळा माल नापास होतो. नापास झालेल्याला बियाणं घेणारी कंपनी पुन्हा काम देत नाही. काकू विधवा बाई, त्यांचं घर त्या शेडनेटवर चालतं, आणि आम्हा सगळ्या जणींचंही.

त्या फेब्रुवारीआधीच्या चोवीस डिसेंबरला संध्याकाळी बुलढाण्याला मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गाण्याचा सराव होता. काकूंना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या. पण मुकादमीण होऊन सुट्टी काय मागायची, हा माझा ताठा. बायांना त्यांच्या त्यांच्या ओळींवर लावलं, माझ्या दोन ओळी तशाच सोडल्या आणि बस गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाताळच्या उपासनेला जायचं म्हणून नवी साडी नेसूनच शेडनेटमध्ये शिरले. पाहते तर कळ्या उमलून गेलेल्या. ती फुलं तोडून टाकायला हवी होती. पण खाली एवढा सडा दिसला असता तर कोणीतरी विचारलंच असतं. मी पराग लावल्यासारखं केलं, भराभर खुणा छाटल्या आणि देवाचं नाव घेत बसस्टॉपवर पळाले. त्या दिवशी मी सगळ्यात मोठ्या आवाजात गायले, हे सांगतानाही लाज वाटते.

पुढे त्या फुलांची फळं झाली, खुणेसकट. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं झालं. काकू मात्र आल्यागेल्याला सांगायच्या की माझी मुकादमीण येशूची आहे, तिच्या ओळी तपासाव्या लागत नाहीत. मी खाली मान घालून हसायचे. आत्ता सांगू, उद्या सांगू करत तोडा दोन दिवसांवर आला.

त्या रविवारी उपासनेनंतर पाळकांच्या घरी प्रार्थनासभा होती. मी माझा विषय मांडला, देवाची इच्छा कळावी म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा. पाळकांची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही आणि माझ्या टमाट्यांबद्दल तर तिला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माय, कालचं सांगितलेलं केलं का तू? ते केल्याबिगर तो तुले उद्याचं काऊन सांगीन?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र माझ्या दोन ओळी आठवल्या. येताना बसमध्ये मी एवढंच म्हटलं, प्रभू, काम जाऊ दे, पण हे ओझं आता तू घे.

सोमवारी सकाळी काकू उद्याच्या तोड्यासाठी क्रेट धूत होत्या. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी हातातला क्रेट खाली ठेवला. "आता सांगून राह्यली?" एवढंच म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. कंपनीचा नवा माणूस आला होता. त्याचा आमच्याकडचा फेरा खरं तर बुधवारी होता; पुढच्या गावचा रस्ता कामासाठी बंद निघाला म्हणून तो आधी इकडे वळला. त्यालाही मी तेच सांगितलं. त्याने तारीख विचारली, झाडाला घड खालून वर कसे लागत गेले ते पाहिलं आणि नाताळच्या सुमाराची फुलं कोणत्या घडांवर असतील ते बोटाने दाखवलं. दोन्ही ओळींतले ते आणि त्यांच्या वरखालचे घड सरसकट काढून खड्ड्यात पुरा, थोडं चांगलं गेलं तरी जाऊ द्या, म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तोड्याच्या आधी बोललात म्हणून बरं. बी एकदा एकत्र झालं असतं तर कोणालाच निवडता आलं नसतं."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच मातीत बसून रडले. घड मी एकटीने काढले, खड्डाही मीच खणला. काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि माझ्या ओळी तपासायला त्यांनी दुसरी बाई लावली. मला त्याचं वाईट वाटलं, पण राग आला नाही. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागत होतं. मुलीचा अर्जही आम्ही भरून टाकला, खूण न मागता. देवाची इच्छा मी दूर कुठेतरी शोधत होते. ती रोज माझ्यासमोर उभी होती आणि मला ती नको होती, एवढंच. रस्ता बंद असणं हा योगायोग असेल. मी त्यावर कोणाशी वाद घालत नाही. मी आभार मानते.

उन्हाळ्यात माल पास झाल्याचा निरोप आला. त्या संध्याकाळी काकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. पाणी प्यायल्या, भिंतीवरच्या क्रूसाकडे जरा वेळ पाहत बसल्या. उठताना म्हणाल्या, "यंदाच्या नाताळाले सांगून जाय. तुह्या ओळी मी करीन."