उंदरांचं ग्रेडिंग

शांतक्का नसत्या तर ही नोकरी माझ्या हातून गेली असती. ते आधी लिहिते, मग काय झालं ते.

शांतक्का आमच्या सेंटरमध्ये साफसफाई करतात. घर बिदरच्या मैलूर भागात, दारात चार शेळ्या. मी तासगावकडची. नववीत शाळा सुटली, मग सहा वर्षं द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये होते. लग्नानंतर नवऱ्याच्या कामामुळे इकडं आले. ओळखीचं कोणी नाही, कन्नड येत नाही. शहराबाहेरच्या या सेंटरमध्ये जखमी घुबडं आणि साप उपचाराला येतात. त्यांच्या खाण्यासाठी पांढरे उंदीर पाळतात, त्यांना फीडर म्हणतात. ती उंदरांची रूम मला तीन महिन्यांच्या ट्रायलवर दिली होती.

दुसऱ्या महिन्यात जखमा सुरू झाल्या. सकाळी उंदरांचा टब उघडला की एखाद्या नराची पाठ चावलेली, शेपटी रक्ताळलेली. एकदा एक मेलेलाच निघाला. सेंटर चालवणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी तो हातात घेऊन पाहिला.

"असं खाद्य घुबडाला देता येत नाही. इन्फेक्शन पुढं जातं. आणि उंदीर झाला म्हणून काय, आपल्याकडं आहे तोवर त्याचे हाल नकोत."

"सर, खायला भरपूर घालते. रोज बघते."

"बघता, मान्य. पण थांबत नाहीये. महिनाअखेरपर्यंत थांबलं नाही तर रूम दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

मग मी जास्तच काम करायला लागले. टबांतली गर्दी कमी केली. भुसा रोज बदलला, टब फिनेलनं घासले. दर गुरुवारी ग्रेडिंग करायचे, म्हणजे मापाप्रमाणे उंदरांची वाटणी, ते तर चुकवतच नव्हते. पॅकहाऊसमध्ये लहान-मोठे मणी एका पेटीत भरत नाहीत, तीच हाताची सवय. मोठा लहानाला मारत असेल, म्हणून एका मापाचे नर एका टबात.

एका गुरुवारी शांतक्का फरशी पुसता पुसता थांबल्या. मला त्या तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण.

"तंगी, ह्या टबातलं उंदीर त्या टबात कामून टाकायलीस?"

"एका मापाचे करते, अक्का."

"मापाचं करून त्येन्ला काय कपडे शिवायलीस का?"

मी हसले नाही. तेव्हा हसू येत नव्हतं.

"औरादच्या बाजारातनं नवा बोकड आणला की माझा जुना त्येला टकरा देतोच," त्या म्हणाल्या. "दोन-चार दिवसांनी गप बसतेत. तू तर दर गुरुवारी बाजार भरवायलीस."

मला पटलं नाही, पण बघावंसं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी दोन टबांपुढं बसलो. एकात नुकतेच ग्रेडिंग केलेले चार नर. दुसऱ्यात एका वेताचे चार भाऊ, आईपासून वेगळे केल्यापासून एकत्रच असलेले. ओळखायला शेपटीवर मार्करचे ठिपके दिले. अक्कांनी भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी संपायच्या आत पहिल्या टबात एकाचे केस ताठ झाले, शेपटी भुशावर थडथडायला लागली, आणि तो दुसऱ्याच्या अंगावर गेला. शेजारी चौघे भाऊ एकमेकांवर ढीग करून झोपले होते.

"घे," अक्का म्हणाल्या. "झाला बाजार सुरू."

ग्रेडिंग त्या दिवशी बंद केलं. एका वेताचे नर पहिल्यापासून एकत्र ठेवले, मधे कोणी घातला नाही. आधीच भांडकुदळ झालेल्यांना एकेकटं केलं. माद्यांचं आपसांत बरं जमत होतं.

तरी टब धुतल्यावर भाऊसुद्धा थोडे झटापट करायचे. हे का, ते मला कळेना.

"घरचा वास धुतलीस की," अक्का म्हणाल्या.

तेव्हापासून ओला भुसा काढते, पण घरट्यातल्या कागदाच्या कोरड्या पट्ट्या नव्या भुशात परत ठेवते. फिनेल बंद. आणि एक गोष्ट बघून बघून माझी मलाच सापडली. लपायच्या डब्याला एकच भोक असलं की एखादा नर तिथं ठाण मांडून बाकीच्यांना आत येऊ देत नाही. डबे काढून दोन्हीकडून उघडे पाईप ठेवले.

महिनाअखेरीला डॉक्टरसाहेबांनी सगळे टब तपासले. एकही नवी जखम नव्हती.

"तुम्हाला सुचलं कसं हे?"

"बघत बसले, सर."

"छान. ट्रायल पुरे, उद्यापासून तुम्ही पर्मनंट."

अक्का मागंच फरशी पुसत होत्या. मी त्यांचं नाव घेतलं नाही. घेतलं तर 'मग तुम्ही काय केलं' असं सर विचारतील, ही भीती वाटली. नंतर अक्कांची माफी मागितली.

"माझं नाव घेतल्यानं उंदीर जास्त शहाणं व्हनार न्हाईत," त्या म्हणाल्या. "सरक, पाय काढ. फरशी ओली हाय."

आपल्या डोळ्याला नीटनेटकं दिसतं ते आत राहणाऱ्याला सोसतंच असं नाही. एवढं मी शिकले.

आता सर नव्या लोकांना रूम दाखवतात तेव्हा माझ्याकडं बोट करून सांगतात, ही यांची पद्धत. एक दिवस त्याच रूममध्ये, अक्का समोर असताना, ही पद्धत कोणाची ते मी सरांना सांगणार आहे. आज कागदावर लिहिलंय. तोंडानं सांगणं बाकी आहे, तेही करीन.