कोटीच्या पुढचा पाढा

सांगतो, पण प्रज्ञाताईसमोर हा विषय काढू नका. मला बघितलं की ती अजून हसू दाबते.

प्रज्ञाताई माझी मावसबहीण, गणितात एम.एस्सी. करते. मी नववीत शाळा सोडलेला. तरी तिच्या लॅपटॉपवर बीजगणिताचं सॉफ्टवेअर शिकायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं.

त्या दुपारी ती म्हणाली, "सांत क्षेत्र म्हणजे मोजकेच आकडे. सातच्या क्षेत्रात शून्य ते सहा, पुढं परत शून्य. त्याच्या सगळ्या गुणाकारांचा तक्ता छापून बघ. मी औरंगपुऱ्यातून प्रोजेक्ट बाइंड करून आणते. चारला सरांना लॅपटॉपवर चालवून दाखवायचाय."

ती गेली. आता सात म्हणजे काय, बोटांवरचं काम. आपल्याकडं पाहुण्याला एकच भाकरी वाढतात का? मी सातच्या जागी कोटीच्या पुढची पहिली मूळ संख्या टाकली.

आकडे धावायला लागले. थांबेचनात. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतोय, बॅटरी उतरतेय. मी उठलो, पाणी प्यालो, बसलो, परत खिडकीशी गेलो. ताईला फोन करावा, तर लाज वाटली.

मावशी डोकावली. "सिद्ध्या, लई तापलंय ते. बंद कर की."

"नाय मावशी, मधीच तोडलं तर बिघडंल. सांत हाय, संपणारच."

"पण नुसती शून्यंच दिसायलीत."

"मोठं गणित हाय. सुरुवातीला तसंच राहतं."

हे मला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक.

ताई आली तेव्हा बॅटरी लाल झाली होती. "हे काय लावलंयस?"

"तक्ता."

"कितीचा?"

मी फरशीकडं बघत आकडा सांगितला. तिनं दोन बटणं दाबली. सगळं गप्प. बिघडलं काहीच नाही.

"संपणार हे खरंय बाबा. पण त्याच्या आधी आपण संपू." चार्जर पिशवीत कोंबून ती रिक्षाकडं पळाली.

संध्याकाळी परतली. कॉलेजात लाइट होती, प्रोजेक्ट चालला. माझ्या जिवात जीव आला, तेवढ्यात मावशीनं विचारलं, "याचं गणित कुठवर आलं होतं गं?"

"पहिली ओळसुद्धा नाय झाली, आई. दुपारभर शून्याचा पाढा छापत बसला होता."

शाळेत मला न अडखळता म्हणता यायचा, असा माझा तेवढा एकच पाढा होता. त्या दिवशी तोही पुरा झाला नाही.