भोकं पडलेला पेपर

नौपाड्यातल्या आमच्या घरी सकाळी पेपर यायचा तो आधी आईच्या हातात. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा हार्ट अटॅक येऊन गेला होता, आणि माणूस असा की एखादी बातमी मनाला लागली तर दिवसभर जेवायचा नाही. म्हणून आई शिवणाची कात्री घेऊन बसायची आणि नको ती बातमी कापून टाकायची. मग आप्पा पेपर उघडायचे. मी समोर जमिनीवर. त्या चौकोनी भोकांतून खिडकीतलं ऊन यायचं, मधूनच आप्पांचा चष्मा दिसायचा. पेपर ऊन बघायलाच घेतात, असं मला कितीतरी दिवस वाटायचं.

आप्पा पेपरची घडी घालून ठेवायचे. चहा संपवून, चपला घालून, माझं बोट धरून थेट कोपऱ्यावरच्या वाचनालयात. तिथे तोच पेपर, न कापलेला. भोक कुठल्या पानावर ते ठाऊक, त्यामुळे शोधावंही लागायचं नाही! ते वाचायचे, शेजारचे म्हातारे हळहळायचे, कुणीतरी पाठीवर हात ठेवायचं. घरी आल्यावर आईला आम्ही दोघंही काही सांगायचो नाही.

मागच्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली आणि माझ्या लेकीने ते कात्रीचं काम एआयकडे सोपवलं. "बाबा, आता तुला झेपतील तेवढ्याच बातम्या." माझ्या जुन्या कंपनीतल्या कामगारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही बंद केला. खोटं कशाला बोलू, मजा आली. खाडीवर फ्लेमिंगो उतरले, कुठलं तरी तळं स्वच्छ झालं, हापूसला मोहोर आला. फोन गोड आवाजात वाचायचा, मी आरामखुर्चीत डोळे मिटून. निम्मी झोप, निम्मी जाग, आणि पाण्यात ते गुलाबी पाय. जगात वाईट असं काही घडतच नव्हतं.

मग एकदा रिक्षाने वर्तकनगरकडून येत होतो. जिथे मी एकतीस वर्षं नोकरी केली त्या कंपनीच्या जागी नुसतं आकाश. शेड नाही, चिमणी नाही. उतरलो. जुना वॉचमन म्हणाला, "पाडून पंधरवडा झाला, साहेब. बातमी वाचून तुमची जुनी माणसं आलेली, गेटला झेंडूचा हार घालून गेली." मी सोडून सगळे!

घरी येऊन लेकीवर भडकलो. "माझी कंपनी पाडली, आणि तू मला फ्लेमिंगो दाखवत बसलीस? अगं, आजी निदान भोक तरी ठेवायची!" मग तिला आप्पांची ती चोरी सांगितली. कॉटवरून आई, नव्वदीला टेकलेली, म्हणाली, "चोरी कसली रे? मला काय ठाऊक नव्हतं, ते कुठे जायचे ते? घरात वाचलं असतं तर मनातच ठेवून बसले असते. चार माणसांत वाचावं म्हणून तर कापायचे मी."

इतकी वर्षं मी आईला भोळी समजत आलो. मला रडूच फुटलं.

लेकीने फोनला काय सांगितलं कोण जाणे. आता वाचता वाचता तो मधूनच थांबतो आणि म्हणतो, "इथली एक बातमी कापली आहे." मी उठून चपला शोधतो. वाचनालय अजून तिथेच आहे.

परवा आवाज असाच थांबला. डोळे उघडले तर लेक ऑफिसला दांडी मारून समोर उभी, माझ्या चपला हातात घेऊन.

"कोण गेलं गं?" मी विचारलं.

"चल बाबा," ती म्हणाली, "तिथे वाचू."